परसातली कळलावी : दोन पावसाळ्यांच्या नोंदी

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिथे श्रावणात गडग्यावर, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणावर, कळलावी आपोआप चढायची. लाल-पिवळी, ज्वाळांसारख्या पाकळ्यांची. तिला कुणी लावत नसे की पाणी घालत नसे. लग्न होऊन सांगलीत आले त्याला सत्तावीस वर्षं झाली, पण गौरी जवळ आल्या की ते फूल आठवतंच. परसात एक तरी वेल असावा म्हणून २०२३ मध्ये कामाला लागले. पहिलं वर्ष जवळपास पूर्ण वाया गेलं. दुसऱ्या कुणाचा पावसाळा तसाच जाऊ नये म्हणून वहीतल्या नोंदी उतरवून ठेवते आहे.

लावण्याआधी एवढं पक्कं लक्षात घ्या: कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि कंद सगळ्यात जास्त. घरात रांगतं मूल किंवा काहीही चावणारं जनावर असेल तर हौस पुढे ढकला.

१४ मे २०२३

सहा कंद कुरिअरने आले. १२० रुपयांचा एक, वर कुरिअरचे ११०. एकूण ८३०. बोटाएवढे जाड, मधोमध वाकलेले, अगदी नांगरासारखे. संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते का, हे कंद हातात घेतल्यावर कळलं. दोन कंदांची टोकं मोडलेली होती. बटाट्यासारखा कुठूनही डोळा फुटेल असं समजून तेही लावले.

जागा परसातल्या पश्चिमेच्या भिंतीलगत. सकाळी साडेसातपासून दुपारी एकपर्यंत स्वच्छ ऊन. माती आमच्याकडची काळी, चिकट. वीतभर खोल खड्डे केले, मूठभर शेणखत टाकलं आणि कंद उभे पुरले.

११ जून २०२३

पावसाचा पत्ता नाही. ऊन कडक, त्यामुळे रोज संध्याकाळी एकेक तांब्या पाणी घालते आहे. कोंब अजून नाही.

२ जुलै २०२३

पाऊस सुरू होऊन आठवडा झाला. दोन कोंब वर आले, शतावरीच्या कोंबासारखे, पण हिरवे आणि चकचकीत. बाकीचे चार उकरले. टोकं मोडलेले दोन तसेच्या तसे, निर्जीव. उरलेले दोन कुजून बुळबुळीत झालेले, वास येत होता.

आता कळतंय ते असं. या कंदाला डोळा फक्त टोकाला असतो. नांगराच्या प्रत्येक फाळाला एकच. ते टोक मोडलं की तो फाळ संपला, बाजूने काही फुटत नाही. आणि जे दोन कुजले ते माझ्या पाण्याने. कोंब नसलेला कंद पाणी ओढत नाही. काळ्या मातीत तो महिनाभर ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारखा पडून होता.

२१ जुलै २०२३

एक वेल हातचा गेला. दोन फूट झाल्यावर आधाराला बांबूची जाड काठी रोवली होती. हिच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं वळतं आणि त्याने ती धरून चढते, पण तो दोरा बारीकशा काडीलाच वेटोळं घालू शकतो, बांबूला नाही. वेल लोळायला लागला म्हणून सुतळीने बांधायला गेले आणि देठ मुळापासून दोन बोटांवर कट्कन मोडला. तिचा देठ दोडक्या-कारल्याच्या वेलासारखा लवचिक नसतो. त्या कंदातून या वर्षी पुन्हा काही आलं नाही.

१७ ऑगस्ट २०२३

सबंध महिना कोरडा. (१९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, हे नंतर वाचलं.) राहिलेला एकमेव वेल चार फुटांवर. काल संध्याकाळी पानं होती, आज सकाळी वरची सगळी पानं शिरांपर्यंत खाल्लेली. काळ्या अळ्या, अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके, एकेका पानावर पाच-सहा. ओळख पटवायला एक दिवस गेला. शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी, म्हणजे कळलावीच्याच (ग्लोरिओसा) नावाची अळी. ती लिलीच्या जातीच्या झाडांवरही जगते.

इथे माझी चूक दिसली. शोभेसाठी लिलीच्या चार कुंड्या मीच या वाफ्याला लागून ठेवल्या होत्या. तिथेही पानांच्या कडा खाल्लेल्या, पण लिलीची पानं जाड असल्याने लक्षात आलं नव्हतं. अळ्यांना मीच शेजार दिला होता. कुंड्या उचलून घराच्या दुसऱ्या अंगाला, पुढच्या दारी नेल्या.

२१ सप्टेंबर २०२३

आज गौरी आल्या. कळलावीला एक कळी धरली होती, ती परवा वाळून पडली.

आई (सासूबाई) म्हणाल्या, "बरंच झालं. दारात कळलावी लावली की घरात भांडणं लागतात." चार महिने मनात ठेवलेलं त्या आज बोलल्या. मी म्हटलं, "आई, आमच्याकडे तर गौरीच्या पूजेत हीच फुलं लावतात." त्या गप्प राहिल्या.

याबद्दल मला खरंच काही सांगायचं आहे. कळ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक भांडणाची कळ, दुसरी पोटातली. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुइणी हिचा कंद उगाळून वरून लेप लावत, नाव तिथलं आहे. पहिला अर्थ लोकांना जवळचा वाटला आणि बिचारं झाड भांडकुदळ ठरलं. तो लेपही आज कुणी करून बघू नये. आयुर्वेद हिला उपविषांतच मोजतो.

२२ ऑक्टोबर २०२३

पानं पिवळी पडायला लागली. काहीतरी कमी पडतंय असं वाटून चमचाभर युरिया दिला आणि पाणी वाढवलं. या नोंदींतली सगळ्यात मोठी चूक हीच.

१० डिसेंबर २०२३

वेल पूर्ण वाळला, उकरून पाहिलं. जुना कंद सुरकुतून कागदासारखा झालेला, हे बरोबर. कळलावी दरवर्षी जुना कंद संपवून शेजारी नवा धरते. नवाही धरला होता, पण त्याचा एक फाळ माझ्या ऑक्टोबरच्या पाण्याने कुजलेला. दुसरा फाळ टोकासकट शाबूत, करंगळीएवढा. जुलैत मोडलेल्या वेलाच्या जागी काहीच हाती लागलं नाही.

म्हणजे सहा कंद, ८३० रुपये, सात महिने, आणि हातात अर्धा कंद.

झाड आजारी नव्हतं. त्याची झोपायची वेळ झाली होती आणि मी त्याला उठवून जेवायला घालत होते.

१३ डिसेंबर २०२३

हे लिहिताना अजून हात थरथरतो. वाचलेला कंद धुऊन, वाळवून मी कोठीच्या खोलीत बटाट्याच्या टोपलीशेजारी थाळीत ठेवला होता. जाऊबाई स्वयंपाकाला आल्या आणि तो हातात घेऊन विचारलं, "काय गं, हे कसलं रताळं? एवढंसं?" विळी समोरच होती.

यात कोल्चिसिन नावाचं विष असतं. वातरक्तावर (गाउटवर) डॉक्टर तेच औषध अगदी मोजून देतात, आणि मात्रा थोडी चुकली तरी ते जिवावर बेतू शकतं. श्रीलंकेत हा कंद रताळं किंवा कोनफळासारखं काही समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास जातात, तोवर विष अंगात भिनलेलं असतं. चुकून पोटात गेलंच तर लक्षणांची वाट बघत बसायचं नाही, झाडाचा तुकडा बरोबर घेऊन थेट मोठं इस्पितळ गाठायचं.

त्या दिवसापासून नियम ठरले. कंद स्वयंपाकघरात आणि कोठीत आणायचा नाही. गच्चीवरच्या कपाटात, झाकणाच्या डब्यात, वर लाल अक्षरात "विष". खुरपं वेगळं, हातमोजे वेगळे, सुरी तर वापरायचीच नाही. घरातल्या प्रत्येकाला, कामाच्या ताईंनासुद्धा, कंद आणि फूल दोन्ही दाखवून ठेवलं.

२१ जानेवारी २०२४

भाऊजींच्या शेतावर हळद काढायला गेलो होतो. त्यांच्या वाटेकऱ्यांना कंद कसा सांभाळू ते विचारलं. त्यांनी हळदीच्या बेण्याचं सांगितलं: काढल्यावर सावलीत सुकवायचं, ढीग लावून झाकायचं, पाणी लागू द्यायचं नाही, आणि डोळे फुगायला लागले की मगच लागणीचा विचार करायचा. "बेणं झोपल्यालं असतंय, त्याला हलवायचं नाही," हे त्यांचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. सांगलीत कितीतरी घरांचा हळदीशी संबंध असतो आणि मला हे विचारायला आठ महिने लागले.

माझा अर्धा कंद मातीच्या गाडग्यात कोरड्या वाळूत ठेवला.

२१ एप्रिल २०२४

नवे पाच कंद, या वेळी दुसरीकडून. १६० रुपयांना एक, घरपोच. पैसे देण्याआधी प्रत्येक कंदाच्या दोन्ही टोकांचे फोटो मागितले. दोन कंद नाकारले, त्यांनी बदलून दिले. हे करायला लाजू नका.

भावाने माहेरच्या गडग्यावरचे उकरून आणू का, असं विचारलं होतं. नको म्हटलं. औषधासाठी कंद उकरून नेल्याने रानातली कळलावी आधीच विरळ झाली आहे, आणि दगडांत अडकलेला कंद उकरताना टोक मोडतंच.

२८ एप्रिल ते ५ मे २०२४

गादीवाफा केला. आठ फूट लांब, दीड फूट रुंद, नऊ इंच उंच. विटा सिमेंट न लावता नुसत्या रचल्या, फटींतून पाणी निघून जावं म्हणून. भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं.

भरण: तांबडी माती चार पोती, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) दोन पोती, गांडूळ खत वीस किलो, आणि घरचा कुजलेला पालापाचोळा. क्रश सँड आधी तशीच टाकली. पाणी मारून पाहिलं तर तिच्यातल्या भुकटीने वरचा थर सिमेंटसारखा बसला. सगळं परत उपसून वाळू घमेल्यात तीन-तीन पाण्यांनी धुतली. त्यात दोन दिवस आणि कंबर दोन्ही गेलं. वाळू धुऊनच घ्या.

खर्च: विटा ४५०, माती २४०, वाळू १६०, खत २४०, ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) १८०. कंदांचे ८०० धरून २०७०. गेल्या वर्षीचे मिळून २९००.

१२ मे २०२४

कंद थेट जमिनीत लावले नाहीत. ट्रायकोडर्माची भुकटी चोळून, पसरट ट्रेमध्ये किंचित ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) आडवे ठेवले, वर पातळ थर. ट्रे सावलीत. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाण्याचा थेंबही पडू नये, एवढीच ओल.

२ जून २०२४

तीन आठवड्यांत सहापैकी सहाही जागे झाले. माझ्या अर्ध्या कंदालाही पांढरा टोकदार डोळा आला. लागण केली. कंद आडवा, तीन इंच खोल, सोळा इंचांवर एक. डोळा कुठे आहे तिथे एकेक काडी रोवली, म्हणजे नंतर आधार रोवताना त्यावर घाव बसणार नाही.

आधारासाठी भाऊजींकडून तुराट्या आणल्या. तुरीच्या वाळक्या काटक्या, सात फुटी, भरपूर फांद्यांच्या. फुकट. त्या लागणीच्या दिवशीच रोवल्या. जाळी, लोखंडी कमान, नायलॉनची दोरी असलं काही लागलं नाही. तुरीच्या फांदीची जाडी पानाच्या त्या दोऱ्याला अगदी नेमकी बसते.

वाफ्यावर उसाचं पाचट अंथरलं, पण कोंबाभोवती चार बोटं जागा मोकळी. हिला डोक्यावर ऊन हवं आणि मुळाशी गारवा. गडग्यावर दगड तेच काम करतात.

२६ जुलै २०२४

पंधरा दिवस झड. कृष्णेचं पाणी वाढलं, सखल भागातल्या लोकांना हलवलं. आमची गल्ली उंचावर आहे, पण परसात घोटाभर पाणी होतं. गादीवाफा त्याच्या वर कोरडा नाही तरी मोकळा राहिला. सहापैकी पाच वेल ठीक. कोपऱ्यातला एक गेला: गच्चीच्या पन्हाळाची धार वाफ्याच्या त्या टोकाला पडत होती. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पाइपचा एक तुकडा जोडून धार लांब नेली. पाचटाखाली गोगलगाई साठल्या होत्या, म्हणून पावसापुरतं पाचट काढून टाकलं.

९ ऑगस्ट २०२४

पहिली कळी उघडली. मी पहाटे उठून बसले होते. पाकळ्या आधी हिरव्या, मान खाली घातलेल्या. मग त्या मागे वळून वर उभ्या राहतात. दुसऱ्या दिवशी पिवळ्या, कडा कुरळ्या, मग टोकाकडून केशरी चढत जातं आणि शेवटी पूर्ण लाल. एकाच वेलावर हिरवं, पिवळं, लाल अशी तिन्ही वयाची फुलं असतात. एक फूल आठवडाभर सहज टिकतं.

अळ्या याही वर्षी आल्या, पण लिली लांब असल्याने उशिरा आणि थोड्या. रोज रात्री बॅटरी घेऊन, हातमोजे घालून वेचते आणि साबणाच्या पाण्यात टाकते. दहा मिनिटांचं काम. आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क. एक दिवस पाहुण्यांमुळे चुकवला तर एका वेलाचा शेंडा गेला.

१० सप्टेंबर २०२४

गौरी आल्या. सकाळी सात फुलं काढली, हातमोज्यांनीच. मखराच्या वरच्या बाजूला, मुलांचा हात पोचणार नाही अशी लावली. फराळाच्या ताटांच्या जवळपासही नाही.

आई बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "उजव्या गौरीकडे एक कमी आहे बघ." मी आठवं फूल आणून दिलं, त्यांनी मोजे मागून घेतले आणि स्वतः लावलं.

१८ सप्टेंबर २०२४

बी धरायचं म्हणून हाताने परागीकरण केलं. फुलाची रचना बघण्यासारखी आहे. स्त्रीकेसराचा दांडा बुडाशीच काटकोनात बाजूला वळतो, पुंकेसरांपासून लांब. फुलपाखराच्या पंखाला लागून पराग यावा अशी ती सोय, पण माझ्या परसात फुलपाखरं मोजकी. तामिळनाडूत हिची शेती होते आणि तिथे मजूर सकाळी फुलाफुलावर जाऊन हे काम हाताने करतात. (तिथलं ते राज्यफूलही आहे.) रंगाच्या बारीक ब्रशने एका वेलाचा पराग दुसऱ्याला लावला. नऊ फुलांपैकी पाचांना शेंगा धरल्या.

२० ऑक्टोबर २०२४

पानं पिवळी पडायला लागली. या वेळी पाणी बंद. इथे द्राक्षबागेला ताण देतात तसा पूर्ण ताण. परतीचा पाऊस आला त्या तीन दिवशी वाफ्यावर प्लास्टिकचा कागद टाकला.

१५ डिसेंबर २०२४

देठ हात लावताच सुटले. बोटांनी माती बाजूला केली, खुरपं वापरलंच नाही. पाच वेलांखाली पाच नवे नांगर. त्यातले तीन मधोमध सहज सुटत होते, ते वेगळे केले. दोन ताठ होते, ते जोडीनेच ठेवले. एकूण आठ नग, सगळ्यांची टोकं शाबूत. गेल्या वर्षीच्या अर्ध्या कंदाचा आता पूर्ण जाडजूड नांगर झाला आहे. आठवडाभर सावलीत सुकवून गाडग्यात, कोरड्या वाळूत. गाडगं गच्चीवरच्या कपाटात, कुलूप लावून.

शेंगा वाळून उकलल्या, आत डाळिंबाच्या दाण्यासारखं लालभडक बी. मुलांना हे फार खुणावतं, म्हणून उकलायच्या आधीच शेंगेला कापडी पुरचुंडी बांधली होती.

२७ मे २०२५

पाऊस पंधरा दिवस आधीच आला. मी गाडगं जूनमध्ये उघडणार होते, पण गेल्या आठवड्यापासून हवेत एवढी ओल आहे की शंका आली. उघडलं तर आठपैकी सहांना बोटभर लांब कोंब, अंधारात पांढरेफटक, एक वाळूतच वाकडा झालेला. ट्रे, कोकोपीट वगैरे काही नाही, आजच्या आज पावसात भिजत लागण केली. वाकड्या कोंबाच्या कंदाला आडवं ठेवताना कोंबाची बाजू वर धरली आणि माती हाताने अलगद सोडली. पुढच्या वर्षी पंधरा एप्रिलपासून दर आठवड्याला गाडगं उघडून बघायचं, असं दिनदर्शिकेवर लिहिलं आहे.

बी मार्चमध्ये कोमट पाण्यात भिजवून पेरलं होतं. चाळीसपैकी तीन उगवली आहेत, गवताच्या पात्याएवढी. त्यांना फूल यायला तीन-चार वर्षं लागतील. कुंड्यांवर तारीख घातली.

यंदा गौरी ३१ ऑगस्टला आहेत. तुराट्या उद्या आणायच्या.